चिट्याल मॅडमचं अडलेलं पाणी

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये यंदा बाथरूममागच्या भिंतीला ओल आली. प्लंबर आला, त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि "काकू, ही वाढणार" एवढं भविष्य सांगून तो गेला. मी पेन्सिल शोधून आणली, ओलीच्या कडेकडेने बारीक रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. सून मागे येऊन उभी राहिली होती. "आई, काय करताय?" तिने विचारलं. "बघायलेय," मी म्हटलं. तिने काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला फोन लावायला ती आत गेली.

तिची काळजी रास्त आहे. पण हा रोग माझा नाही. तो मला सोलापुरात लागला आणि तो लावणाऱ्या बाईंचं नाव अनसूया चिट्याल.

चिट्याल मॅडम आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि मी मराठी. वीसेक वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि तेवढी वर्षं आम्ही एकमेकींना "मॅडम"च म्हणत आलो. ठेंगणा बांधा, सावळा रंग, घट्ट अंबाडा आणि इस्त्री केलेली सुती साडी. लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारण्याची हिंमत स्टाफरूममध्ये फक्त इतिहासाच्या सरांनी केली होती. "राहून गेलं की, सर," असं उत्तर त्यांना मिळालं, तेही एखादी बस चुकल्याचं सांगावं तशा सुरात. सरांनी पुन्हा विचारलं नाही.

मॅडमचं घर पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत. खाली भावाचे टॉवेलचे माग आणि वर माणसं. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे मॅडम मोठ्याने बोलायच्या आणि आपण मोठ्याने बोलतो हे त्यांना माहीतच नव्हतं. "तुम्हाला एक सांगू का, कुणाला बोलू नका," असं म्हणून त्या जे सांगत, ते बाहेर सायकल स्टँडवरच्या माणसालाही कळायचं.

त्यांच्या संशोधनाचा विषय मी अनेकदा समजून घेतला आणि तितक्याच वेळा विसरले. शेवटी डोक्यात उरलं ते एवढं. काही वस्तूंच्या आत नीट रांग नसते. वीट, माती, टीपकागद, टॉवेल. आत धागे आणि भोकं कशीही पडलेली असतात. अशा वस्तूत पाणी शिरलं की त्याची कड सरळ रेषेत पुढे जात नाही. कुठे धावते, कुठे अडते. अडलेला भाग शेजारच्यालाही मागे धरतो, आणि मग कधीतरी तो सगळा तुकडा एकदम उडी घेतो. कागद जळत जाताना जी काळी कड सरकते तिचंही असंच, आणि शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या बुरशीच्या डागाचंही असंच. ही कड कशी वाढते याचे नियम असतात, आणि ते शोधणारी माणसं जगभर पसरलेली आहेत. त्यातली एक आमच्या स्टाफरूममध्ये माझा डबा शेअर करत होती.

"मधलं सगळं सारखंच असतंय, मॅडम," त्या म्हणायच्या. "जे काय घडतंय ते कडेला घडतंय."

एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये विभागप्रमुखांची मीटिंग चालू होती. शिपायाच्या हातून कप लवंडला आणि चहा टेबलावरून सहीसाठी ठेवलेल्या परिपत्रकांच्या गठ्ठ्याकडे निघाला. शिपाई फडकं घेऊन धावला. "थांबा!" चिट्याल मॅडम ओरडल्या. त्या आवाजाने शिपाई तर थांबलाच, खुर्चीतून अर्धे उठलेले प्राचार्यही तसेच अधांतरी राहिले. चहा कागदात चढू लागला. "बघा, डावीकडं अडलंय. पुसू नका. आता उडी मारतंय बघा." आम्ही सगळे माना वाकवून बघत होतो. "मारली!" इतिहासाचे सर म्हणाले, आणि मग आपण कुठे आहोत हे त्यांना आठवलं. परिपत्रक कामाच्या वेळेत शिस्त पाळण्याबद्दल होतं. ते पुन्हा टाइप करावं लागलं.

वर्गात त्या हेच सगळं माणसांवरून शिकवायच्या. नुसत्या कडा कशा वाढतात ते नव्हे, तर घोळके कसे जुळत जातात तेही. त्यांचं आवडतं उदाहरण आमची स्टाफरूम. इथल्या प्रत्येक खुर्चीवर एक तर बोलका माणूस बसतो, नाहीतर मुका. बोलका आपल्या शेजाऱ्याला बातमी देतो, मुका देत नाही. बोलके थोडे असले तर बातमी एका कोपऱ्यातल्या घोळक्यात फिरत राहते आणि तिथेच मरते. पण बोलके एका मर्यादेपलीकडे गेले की हे सुटे घोळके एकमेकांना चिकटतात आणि बातमी दारापासून थेट प्राचार्यांपर्यंत पोचते. मधलं काही नसतं. एक तर पोचत नाही, नाहीतर पोचतेच. "आपल्याकडं," त्या एस.वाय.च्या वर्गाला सांगत, "मराठी विभाग रजेवर गेला की बातमी पोचत नाही." हे मला त्यांच्याच विद्यार्थ्यांनी येऊन सांगितलं. म्हणजे तिथेही बोलके पुरेसे होते.

आमच्या सोलापूरच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली तेव्हा मी त्यांना मोठ्या आशेने बोलावलं होतं. बाई फिजिक्सच्या, त्यातून पाण्यावर काम करणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून भिंतीला नाक लावलं. मग पर्समधून पेन्सिल काढून ओलीची कड आखली आणि तारीख घातली. पुढच्या आठवड्यात आल्या, पुन्हा आखली. त्यानंतर दर आठवड्याला येऊ लागल्या. भिंत जमिनीच्या नकाशासारखी दिसायला लागली तेव्हा आमच्या यजमानांनी धीर करून विचारलं, "मॅडम, यावर काय करावं?"

"काही करू नका," मॅडम मनापासून म्हणाल्या. "छान चाललंय."

त्या गेल्यावर यजमानांनी रंगाऱ्याला फोन केला. मॅडमना हे कळलं. दोन दिवस त्यांनी माझ्या डब्यातली शेंगा चटणी घेतली नाही.

या बाईंची पीएच.डी. राहिली होती. नोकरी, वडिलांचं आजारपण, भावाचं बस्तान बसवणं, यात ती मागे पडत गेली होती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नाव नोंदवलं. प्रयोग साधा होता. लाकडी चौकटीत टॉवेलचं कापड उभं टांगायचं, त्याची खालची कड निळी शाई घातलेल्या पाण्यात बुडवायची आणि पाणी वर चढताना त्याच्या कडेचे फोटो घेत राहायचं. इतर लोक हे टीपकागदावर करतात. मॅडमकडे कापड होतं. नव्या कापडाला खळ असते, ती पुरती धुवून काढल्याशिवाय कापड पाणी धरत नाही, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. भाऊ त्यांच्यासाठी वेगळं कापड विणायचा, खळ काढून, धुवून, पांढरं करून द्यायचा. एवढं एकसारखं कापड दुनियेत कुणाकडे नसेल, असं त्या सांगायच्या.

आणि त्या कापडावर त्यांना एक शोध लागला. पाणी चढत चढत वर आलं की डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्याच्या थोडं आधी, अडायचं. दर वेळी अडायचं. उजवी बाजू पुढे निघून जायची आणि डावीकडे तळहाताएवढी कोरडी खाडी राहायची. असं अडणं कुणी पाहिलेलं नव्हतं. मॅडमच्या गाईडनी ते पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि त्यांना आनंदाने ठसका लागला. प्रबंधाचा कणा मिळाला होता. त्यावर चार वर्षं गेली.

मग पुण्यात एका संस्थेत परिसंवाद होता, तिथे मॅडमना बोलायला मिळालं. मला लेकीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबर निघालो आणि लेक ऑफिसातून सुटेपर्यंत वेळ घालवायला मी सभागृहात मागे बसले. मॅडमनी पडद्यावर एकामागून एक फोटो दाखवले. निळं पाणी, पांढरं कापड, डावीकडची खाडी. टाळ्या झाल्या. कुठल्याशा थंड देशातून आलेले एक उंच गृहस्थ उठले आणि त्यांनी इंग्रजीत फार नम्रपणे विचारलं, की प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका दिसतो, तो काय आहे?

"हळद," मॅडम म्हणाल्या. मग इंग्रजीत पुन्हा म्हणाल्या.

"ती तिथे का आहे?"

"नवीन कापड आहे," मॅडमनी सांगितलं.

सभागृहातल्या निम्म्या लोकांनी समजून माना हलवल्या. मीही हलवली. नव्या कापडाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावल्याशिवाय ते वापरायचं नाही, यात विचारण्यासारखं काय आहे? गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते बसले. अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. मॅडम खिडकीशी बसून पेरू खात होत्या. दौंड गेलं, जेऊर गेलं. गाडी कुर्डुवाडीला थांबली, वडेवाले डब्यात चढले आणि त्या गलक्यात मॅडम त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तेल."

"कसलं तेल?"

"आई हळद तेलात कालवतीय, मॅडम. खोबरेल तेलात. पाण्यात कालवली तर वाळून झडून जातीय म्हणून." त्यांनी उरलेला पेरू कागदात गुंडाळला. "ठिपका एवढासा दिसतोय. पण तेल कापडात पसरणार की. लांबपर्यंत पसरणार. दिसणार नाही. पाणी तिथं यायचं आणि अडायचं."

मग सोलापूर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते, इतका वेळ गप्प बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

ठिपका प्रत्येक फोटोत होता. गाईडनी पाहिला होता, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी पाहिला होता, माझ्यासारखीने उगाच डोकावताना पाहिला होता. कापड चौकटीत लावताना हळदीचा कोपरा नेहमी वर डावीकडे ठेवायचा, हे मॅडम स्वतः मदतनीसाला बजावायच्या. हळद खाली, शाईच्या पाण्यात कशी बुडवायची? म्हणून तर खाडी दर वेळी वरच यायची. आम्ही सगळे इथलेच. आमच्या डोळ्यांना तो ठिपका कापडाचाच भाग वाटत होता.

दोन दिवसांनी मॅडमनी एक कापड भावाच्या मागावरून, हळद लागण्याआधीच, परस्पर मागवून टांगलं आणि मला बोलावलं. निळी कड वर आली, इकडेतिकडे अडखळली, डाव्या कोपऱ्याशी पोचली आणि न थांबता पुढे गेली. "गेलं की," मॅडम म्हणाल्या. कुणीतरी आपल्याला न भेटता दारावरून निघून जावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

गाईड व्यवहारी होते. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून घेतली होती, यापुढे वाढणार नव्हती. "फोटोचे कोपरे कापा," ते म्हणाले. "खोटं काही लिहायचं नाही. कोपरा फक्त कापायचा."

"कोपरा कापला तरी पाणी तिथंच अडायलंय की, सर," मॅडम म्हणाल्या. गाईडनी कपाळाला हात लावला.

म्हणजे सगळं पुन्हा करायचं होतं, हातात जेमतेम वर्ष होतं, आणि त्यासाठी हळद न लावलेलं कापड हवं होतं. भाऊ म्हणाला, "अक्का, मी रोज खालच्या खाली रिक्षात टाकून देतो. आईला कळायचं नाही." सोपं होतं. पण मॅडमना ते नको होतं. "आईला सांगते उद्या," त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही "उद्या" म्हणाल्या. असे बरेच उद्या गेले, आणि मुदत जवळ येत चालली होती. मला राग यायला लागला. एवढा बाऊ कशाचा? आईला म्हणावं, लावू नकोस, संपलं.

तेव्हा मॅडमनी मला सांगितलं. तेवढ्या एकदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

त्यांच्या आई नरसव्वा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून नरसव्वांनी कुणाला हळद लावली नव्हती. कुणी मनाई केली असं नाही. घरातली माणसं चांगली, गल्ली चांगली. फक्त हळदीची वेळ आली की दुसऱ्या कुणालातरी हाक मारली जायची. मुलाच्या लग्नात हळद लागली तेव्हा नरसव्वा मांडवाच्या खांबामागे उभ्या होत्या. नातवंडांच्या बारशांना त्या आत भांडी आवरत होत्या. पुढे मॅडम प्रयोगासाठी कापडाचा पहिला गठ्ठा घेऊन निघाल्या, तेव्हा वहिनी माहेरी गेलेली होती. नवं कापड तसंच कोरं घराबाहेर कसं जाणार? नरसव्वांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि वाटीत हळद कालवून स्वतःच प्रत्येक कापडाला बोट लावलं. त्यानंतर तो त्यांचाच मान झाला. कापड आलं की त्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बसायच्या आणि एकेक कापड मांडीवर घेऊन बोट लावायच्या. वहिनीने एकदा मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला होता.

"चार वर्षं लावायलीय ती," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या जगानं तिला जे सांगितलं, तेच आता मी सांगू का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, मग कापा कोपरे. त्यांनी मान हलवली. तेही त्यांना जमणार नव्हतं.

शेवटी त्यांनी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. एका रविवारी दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं, ते बहुतेक आधारालाच. खाली माग बंद होते, त्यामुळे घर विचित्र शांत होतं. नरसव्वा जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, बारीक, पिकल्या केसांच्या, मुलीइतक्याच ठणठणीत आवाजाच्या. मॅडम त्यांच्यासमोर बसून तेलुगूत बोलू लागल्या. मला भाषा कळत नव्हती, पण मॅडमचा हात पाणी होऊन वर चढत होता, ते दिसत होतं. हात वर गेला आणि डावीकडे अडला. नरसव्वांनी काहीतरी विचारलं. मॅडमनी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर.

"काय म्हणाल्या?" मी नंतर जिना उतरताना विचारलं.

"मी तुला नापास केलं का, म्हणाली. मी म्हटलं नाही, उशीर केलास."

"आणि?"

"आणि म्हणाली, मग आधी सांगायचं की."

आम्ही जेवलो. नरसव्वांनी मला आग्रहाने वाढलं. नंतर त्यांनी फडताळातून हळदीची वाटी काढली, मोरीत नेऊन घासली आणि वरच्या फळीवर पालथी घातली. रडारड नाही, रुसवा नाही. त्यांनी रडून घेतलं असतं तर मला तरी बरं वाटलं असतं.

पुढचं वर्ष मॅडमनी चौकटीसमोर काढलं. दिवाळीची सुट्टी, मे महिना, सगळं. सोलापूरच्या मे महिन्यात पाणी कापडात चढण्याआधी हवेत उडून जातं, म्हणून खिडक्यांना ओली पोती लावून त्या आत बसायच्या. घरून कापडं कोरी यायची. निघालेलं उत्तर जगाला आधीच माहीत असलेलं होतं. कड अडखळत जाते, कुठेही अडते, कुठेही उडी मारते, आणि तिच्या वेडेवाकडेपणाचा नियम इतरांनी लिहून ठेवला तोच. डावा कोपरा असा काही खास नव्हताच. मॅडमनी तेच लिहिलं. शिवाय हळदीवर चौथं सबंध प्रकरण लिहिलं, सगळ्या फोटोंसकट, आणि त्याला नाव दिलं, "एक चूक आणि तिचं कारण". गाईडनी सही केली, पण सही करताना ते खिडकीबाहेर बघत होते.

व्हायवा आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये झाला, सगळ्यांना खुला. बाहेरून आलेले परीक्षक विद्वान होते आणि तसे दिसतही होते. मॅडमनी सगळं मांडलं. हळदीसह. परीक्षकांनी चष्मा पुसला. "बाई, हे सगळं ठीक आहे. पण यात नवीन काय?"

"नवीन नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे."

गाईड पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागे उलटली, पुढे उलटली, आणि फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ही हळद लावली कुणी?"

"आईनं. ती काय, बसलीय मागं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर मुलगा आणि सून यांच्यामध्ये बसलेल्या नरसव्वा ताडकन उठून हात जोडून उभ्या राहिल्या. आपल्याला साक्षीला पुकारलंय, अशी त्यांची समजूत झाली असावी. कोर्टात उभं राहावं तशा त्या समोर बघत होत्या. म्हातारं माणूस उभं राहिलेलं पाहून परीक्षक गोंधळले आणि तेही उठून उभे राहिले. ते उठले म्हणून प्राचार्य उठले, आणि मग अख्खा हॉल कारण माहीत नसताना उभा राहिला. थोड्या वेळाने परीक्षक खाली बसले आणि म्हणाले, "चौथं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडलं." पदवी द्यावी, असं त्यांनी जाहीर केलं.

पदवी कुठल्याही विभागाला मिळो, आमच्याकडे सत्काराचं ताट मराठी विभागाकडे असतं. मी शाल, श्रीफळ आणि हळदी-कुंकू घेऊन पुढे झाले. सगळ्या बायका गोळा झाल्या. मी हळदीत बोट बुडवलं तर मॅडमनी माझं मनगट धरलं. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि दोन्ही हातांत धरून त्या बाकांमधल्या वाटेने मागे चालू लागल्या.

नरसव्वांना ताट येताना दिसलं तशा त्या बाकावर सरकत सरकत भिंतीला लागल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या तेलुगूत भराभरा काहीतरी म्हणाल्या. सुनेकडे बोट केलं, माझ्याकडे बोट केलं, म्हणजे यांच्याकडून घे. मॅडम ताट पुढे करून उभ्याच राहिल्या.

"लाव की," त्या मराठीत म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात. "हितं काय पाणी चढायचं नाही." आणि त्यांनी आपला चेहरा खाली वाकवला.

नरसव्वांनी मुलाकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडेही पाहिलं. पदरातून एक हात बाहेर आला. आधी एक बोट. ते कपाळावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी सगळा तळवा ताटात बुडवला. मग दुसराही. नवरीला लावतात तशी दोन्ही गालांना, हनुवटीला, गळ्याला, कानामागे त्यांनी हळद माखली. ताटातली संपली तेव्हाच त्या थांबल्या. मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी शाल उगाचच पुन्हा घडी करत राहिले.

तीनची घंटा झाली. "प्रॅक्टिकल आहे माझं," मॅडम म्हणाल्या.

"चेहरा तरी धुवून जा," मी म्हटलं.

"धुतलं तर जाईल की," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या महिन्यातच मी निवृत्त होऊन पुण्याला आले. फोन होतात, पण त्यांना मी पाहिलं ते तेव्हाचंच. एफ.वाय.ची पोरं व्हरांड्यात भिंतीला चिकटून वाट करून देत होती आणि हळदीने माखलेल्या चिट्याल मॅडम त्यांना "चला, आत चला, उशीर झालाय" म्हणत प्रयोगशाळेकडे चालल्या होत्या. त्यांच्या मागून नरसव्वा. दोन्ही पिवळे तळवे समोर धरून, बोटं फाकवून, कशालाही हात लागू न देता त्या सावकाश चालत होत्या.